मडावी मॅडम स्टॉप

"चार होऊन राहिले साहेब," दुरुगकर म्हणाला. "पाचवा आणा. पाचवा आला की बस आत."

"चारांवर नाही भागणार?"

"नाही भागत जी. नियमच आहे ना."

"मग माझी बायको धरा. सातवा महिना आहे तिला. दोन जीव मोजलेत तर सहा होतील, एक तुम्हाला वर."

दुरुगकर हसला, पण त्याने बस काही दिली नाही. आमच्या कारखान्यात ट्रॅक्टरचे गिअर बनायचे आणि कंपनीच्या बसगाड्या कुठे थांबायच्या हे दुरुगकर ठरवायचा. त्यामुळे त्याला जनरल मॅनेजरपेक्षा जास्त नमस्कार मिळायचे. एका ठिकाणाहून पाच माणसं चढणार असतील तरच बस वर्धा रोड सोडून आत वळेल, हा त्याचा नियम. अडला हरी झालेला मी, रोज जेवणाच्या सुट्टीत त्याच्या टेबलापाशी उभा राहायचो.

मी मिरजेचा. नवी नोकरी मिळाली म्हणून बुटीबोरीच्या या कारखान्यात क्वालिटी विभागात आलो. पहिलं घर नागपूर शहरात घेतलं होतं. तिथे दोन महिन्यांत खालच्या बिऱ्हाडात चोरी झाली आणि शैलाने, माझ्या बायकोने, नवं घर स्वतः शोधायचं ठरवलं. तिची शोधायची पद्धत साधी होती. घर नंतर बघायचं, आधी भिंत बघायची. त्या हिशेबात शांतिबन सोसायटी पास झाली. वर काचा लावलेली उंच भिंत, लोखंडी गेट, दोन पाळ्यांत वॉचमन, आणि कमिटी अशी की दूधवाल्यालाही तीन प्रश्न विचारल्याशिवाय आत सोडत नसे. कारखाना अर्ध्या तासावर. शैला खूश झाली.

फक्त शांतिबन वर्धा रोडपासून दोन किलोमीटर आत होती, आणि त्या दोन किलोमीटरवर गिट्टी क्रशरचे डंपर धावायचे. बस हमरस्त्यावर थांबायची. तिथपर्यंत मी स्कूटरने जायचो. एका पहाटे डंपरने मला असं काही कडेला दाबलं की मी स्कूटरसकट तुरीच्या शेतात गेलो. फाटकी पँट आणि सोललेला कोपर घेऊन परत आलो, तेव्हा शैलाने हळद लावता लावता सांगितलं, "एक तर बस दारात आणा, नाहीतर मिरजेला चला. मला हे बाळ एकटीने वाढवायचं नाही."

ती हे ओरडून म्हणाली असती तर मी वाद घातला असता. ती हळद लावत म्हणाली. मिरजेला माझ्यासाठी नोकरी नव्हती. तेव्हा पाचवा माणूस शोधणं एवढंच माझं काम उरलं.

शांतिबनमध्ये आमच्या कंपनीचे मी धरून चौघे. मी ओळखीच्या प्रत्येकाला शांतिबनची हवा, पाणी, शेजार यांचं वर्णन ऐकवू लागलो. लोक मला बिल्डरचा माणूस समजायला लागले. आणि मग एक दिवस कॅन्टीनमध्ये उर्मिला मडावी माझ्या समोर येऊन बसली.

ती लॅबमध्ये नवीन लागली होती. चोवीस-पंचवीसची, बारीक चणीची. बोलायची कमी, पण तिचा रिपोर्ट मला कधी परत पाठवावा लागला नव्हता.

"सर," ती म्हणाली, "तुमच्या सोसायटीचं गेट रात्री बंद असतं का?"

"कुलूप असतं," मी म्हणालो. "आत वॉचमन जागा असतो."

"खरंच जागा असतो?"

"कमिटीचे कोहळेकाका रात्री उठून बघतात त्याला. तो झोपला तर तेच ओरडतात."

ती जरा हसली. मग ताटातल्या भाताकडे बघत तिने सांगितलं. ती गडचिरोलीची, आत जंगलातल्या गावची. वडील गावचे पोलीस पाटील होते. एका रात्री बाहेरची माणसं आली, त्यांना उठवून घेऊन गेली. ते परत आले नाहीत. तेव्हा ती चंद्रपूरला कॉलेजात होती. घरात आई एकटी होती. त्यानंतर आई कधी नातेवाइकांकडे, कधी कुठे, पण रात्री झोपत नाही. दाराशी बसून राहते. "तिला मी इकडे आणणार आहे," उर्मिला म्हणाली. "घर लहान चालेल. पण गेट पाहिजे. मी ऑफिसात हे कुणाला सांगितलेलं नाही सर. तुम्ही सोसायटीबद्दल बोलत होता म्हणून तुम्हाला सांगितलं."

मी "अरेरे" म्हणालो. वाईट मलाही वाटलं, अगदीच दगड नव्हतो. पण खरं सांगायचं तर ती तिच्या वडिलांचं बोलत असताना माझ्या डोक्यात एकच शब्द चालू होता. पाचवी.

शांतिबनमध्ये एक घर रिकामं होतं, पण घरमालकाच्या होकाराने तिथे काही होत नसे. कमिटीचा होकार लागे. तळमजल्यावरच्या खोलीत, गणपतीचं मखर आणि कॅरमबोर्ड यांच्या मधे खुर्च्या टाकून कमिटी बसायची. अध्यक्ष कोहळेकाका, वीज मंडळातून निवृत्त झालेले. सचिव पांढरीपांडेकाकू. दोन बाया, पुरुष माणूस नाही, अशा बिऱ्हाडाला ते सहसा नाही म्हणत. आधीचा कुणी रहिवासी हमी देणार असेल तर विचार करत. हे मला ठाऊक होतं, म्हणून उर्मिलाला न्यायच्या आधी मी एकटाच त्यांना भेटायला गेलो.

"कोण लागते तुमची?" कोहळेकाकांनी विचारलं.

"मानलेली बहीण आहे," मी म्हणालो. "जुने संबंध आहेत आमचे. माझी जबाबदारी." तिला ओळखून मला तीन आठवडे झाले होते.

"कुठली आहे?"

इथे मी थांबलो. काकांच्या घरी रोज तीन वर्तमानपत्रं यायची आणि गडचिरोलीचं नाव त्यांत कशासाठी येतं ते मला माहीत होतं.

"चंद्रपूरची," मी म्हणालो.

"मग ठीक आहे. चंद्रपूरचे लोक साधे असतात," काकूंनी निकाल दिला.

दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये मी उर्मिलाला सगळं सांगून टाकलं. कुणी विचारलं तर चंद्रपूर सांग, आणि सोसायटीत मला सर म्हणू नकोस, दादा म्हण.

"खोटं सांगायचं?"

"खोटं कुठे आहे? तू शिकलीस ना चंद्रपूरला?"

"सर, मी गडचिरोलीचीच आहे. त्यात लाजण्यासारखं काय आहे?"

"काही नाही. पण आईला गेट हवंय ना?"

ती ताट उचलून निघाली. असं बिनतोड बोलल्याचं मला त्या दिवशी फार कौतुक वाटलं. घरी येऊन शैलालाही ऐकवलं.

महिन्याभरात बस आत वळली. पहिल्या दिवशी आम्ही पाचही जण पावणेसहालाच गेटवर उभे होतो, वऱ्हाड निघाल्यासारखे. उर्मिला सगळ्यांच्या आधी आलेली होती आणि पुढेही रोज तीच आधी असायची. ड्रायव्हर गुलाबभाऊ नेवारे. आमच्याकडे स्टॉपला जागेचं नाव नसे, माणसाचं असे. ड्रायव्हर लोकांना जो माणूस रोज आधी उभा दिसेल त्याचं नाव त्या स्टॉपला पडायचं आणि मग ते हलत नसे. छत्रपती चौकातला स्टॉप 'मूर्ती सर' होता. मूर्ती सर निवृत्त होऊन कधीच म्हैसूरला गेले होते, तरी बस मूर्ती सरांना थांबायचीच. तसं आमच्या स्टॉपचं नाव आठवड्यात पडलं, 'मडावी मॅडम'. मला ते जरा लागलं. एवढी खटपट मी केली, तर 'आवटी साहेब' म्हणायला काय हरकत होती? मी गुलाबभाऊंना तसं सुचवूनही पाहिलं.

"तुम्ही सगळ्यात शेवटी येता ना साहेब," ते म्हणाले. "स्टॉपला उशीर करणाऱ्याचं नाव दिलं तर बसच उशिरा येईल."

उर्मिलाची आई, सोमीबाई, आली तेव्हा पहिले काही दिवस गेटपाशी जाऊन वॉचमन बघून यायची. मराठी तिला थोडंच यायचं, गोंडीच जास्त. रात्री नऊला गेटला कुलूप लागायचं, त्याचा आवाज ऐकून मग ती जेवायची. पंधरा-वीस दिवसांनी उर्मिलाने मला बसमध्ये हळूच सांगितलं, "आई काल रात्रभर झोपली, दादा." बसमध्ये मी सर होतो, दादा फक्त सोसायटीच्या आत. त्या दिवशी ती विसरली. मागच्या सीटवरच्या तिघांनी ऐकलं आणि नंतर मला बरंच चिडवलं.

आमची सई जन्मली ती थंडीच्या तोंडावर. माझ्या आईचे गुडघे गेलेले, तिला मिरजेहून यायला जमेना. शैलाची आई आठ दिवस राहून गेली. बाळाला न्हाऊ घालायला बाई मिळेना, आणि मी हात लावायला भीत होतो. गिअरला मायक्रॉनमध्ये मापणारा माणूस मी, ती एवढीशी मान धरायची कशी ते मला कळेना. एके सकाळी सोमीबाई उर्मिलाला घेऊन दारात आली. उर्मिलाने तिच्यासाठी विचारलं, "आई म्हणते, मी घालू का?"

तिने पाय लांब करून मोरीत बैठक मारली, पोटरीवर सईला आडवी घेतली आणि मोहाचं तेल चोळायला सुरुवात केली. चोळता चोळता ती गोंडीत काहीतरी पुटपुटत राहायची. सई आधी टाहो फोडायची आणि अंगावर दुसरा तांब्या पडला की एकदम गप्प व्हायची. त्यानंतर सोमीबाई रोज यायला लागली. शैलाने तिला साडी देऊ केली तर ती घेईना. शेवटी शैलाच म्हणाली, "राहू दे. घरचं माणूस आहे. घरच्या माणसाला कसली साडी."

दिवाळीनंतर कंपनीतले आणखी दोघे शांतिबनमध्ये राहायला आले. बसमध्ये गर्दी व्हायला लागली. मी खिडकीची जागा मिळावी म्हणून लवकर यायला लागलो. आमच्या स्टॉपचा आकडा सातवर गेला तेव्हा दुरुगकर म्हणाला, "आता काही तुमची बस हालत नाही साहेब." मी त्याला चहा पाजला.

जानेवारीत पोलीस शिपाई आला. काही विशेष नव्हतं. घरमालकाने भाडेकरूची माहिती चौकीत दिली होती, त्याची नेहमीची पडताळणी. पण तो गेटवर आला आणि वॉचमनला मोठ्याने विचारलं, "गडचिरोलीच्या मडावी कोणत्या बिल्डिंगमध्ये राहतात?" संध्याकाळपर्यंत ते चारही बिल्डिंगमध्ये पोचलं. दुसऱ्या दिवशी कुणीतरी जिन्यात मला विचारलं, "ती तुमची बहीण त्या भागातली आहे म्हणे. कुणी येत-जात असेल का हो तिच्याकडे? जंगलातले?" मी हसून उडवून लावलं. घरी आल्यावर मात्र कपाट उघडून आमच्या घराचा भाडेकरार संपतो कधी ते बघितलं. महिन्यावर आला होता, आणि नव्या कराराला कमिटीचा होकार लागणार होता.

रविवारी सकाळी कोहळेकाकांनी आम्हा दोघांना तळमजल्यावर बोलावलं. ती खोली बरोबर आमच्या मोरीच्या खाली होती. वर पाण्याचा आवाज येत होता. सोमीबाई सईला न्हाऊ घालत होती.

"हे पहा," काका म्हणाले. ते तसे वाईट माणूस नव्हते. माझ्या कोपराला लावायला त्यांनीच मलम दिलं होतं. "पस्तीस वर्षं नोकरी केली मी. माझ्या दाराशी पोलीस नाही आला कधी."

"ती पडताळणी होती काका," उर्मिला म्हणाली. "सगळ्याच भाडेकरूंची होते."

"ते समजलं. पण आम्हाला चंद्रपूर सांगितलं होतं. गडचिरोली काहून लपवलं?"

"लपवण्यासारखं काही असेल तेव्हाच माणूस लपवतो," पांढरीपांडेकाकू म्हणाल्या. "इथे लेकराबाळांची घरं आहेत. आम्ही भिंत कशासाठी बांधली मग?"

उर्मिलाने माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाटतं, मी आता बोलेन अशी तिची खात्रीच होती, त्यामुळे पाहायची गरज तिला वाटली नसावी.

"आवटी," काका माझ्याकडे वळले, "तुम्ही तर जुने ओळखता हिला. बहीण म्हणाले होते. हमी तुमची आहे. तुम्हाला हे माहीत होतं का नव्हतं, एवढं सांगा."

सांगायला माझ्याकडे पुष्कळ होतं. चंद्रपूर हा शब्द माझा आहे, तिने नको म्हटलं होतं, एवढं एक वाक्य होतं. तिच्या वडिलांचं मला माहीत होतं. ही भिंत ज्यांच्यापासून वाचायला तुम्ही बांधलीत त्यांनीच हिच्या बापाला नेलंय, या भिंतीची गरज इथे सगळ्यांत जास्त कुणाला असेल तर वर माझ्या मुलीला न्हाऊ घालणाऱ्या बाईला आहे, हे मी सांगू शकलो असतो. काका ऐकणाऱ्यांतले होते. काकूंच्याही डोळ्यात पाणी आलं असतं. उर्मिला स्वतः ते त्या खोलीत, कॅरमबोर्डाशेजारी बसून सांगणार नव्हती, आणि का सांगणार नव्हती ते मला कळत होतं. सांगायचं काम माझं होतं.

मी कराराचा विचार केला. शैलाचा केला. आणि लाज वाटते सांगायला, पण मी बसचाही विचार केला. सात आहेत, सातातून एक गेला तर सहा उरतात, असा सरळ हिशेब माझ्या मनात झाला.

"म्हणजे काय आहे," मी म्हणालो, "कंपनीत ओळख आहे आमची. चांगल्या आहेत त्या कामाला. पण घरच्या गोष्टी इतक्या खोलात... म्हणजे मी कधी विचारलं नाही."

वर सईचं रडणं एकदम थांबलं. दुसरा तांब्या पडला होता.

आता उर्मिलाने माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. लॅबमध्ये एखाद्या तुकड्याचं माप चुकलेलं निघालं की ती पुन्हा एकदा बघायची, तशी बघितली.

"बरोबर आहे," ती काकांना म्हणाली. "दादांना माहीत नव्हतं. चंद्रपूर मीच सांगितलं त्यांना. त्यांची काही चूक नाही."

"म्हणजे तुम्हालाही फसवलं हिने," काकू मला म्हणाल्या. त्यांच्या आवाजात माझ्याबद्दल दया होती.

मी मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, ते मी त्यांच्यावर सोडलं.

काकांनी महिनाअखेरपर्यंतची मुदत दिली. त्यांना वाटत होतं ते फार समजूतदारपणे वागले आहेत. उर्मिलाने एवढंच मागितलं, "आईला मी सांगीन. दुसऱ्या कुणी सांगू नका. पोलिसाचं तर नकोच."

जिन्यात मी तिला गाठलं. "उर्मिला, ऐक, माझा करार..." असं काहीतरी सुरू केलं. ती एक पायरी वर होती.

"सर," ती म्हणाली, "उद्यापासून बाळाच्या अंगाला जास्त तेल नका लावू. उन्हाळा येईल. आई म्हणत होती."

गेटच्या आत तिने मला सर म्हटलं ते पहिल्यांदाच. मला दादा म्हणायला मीच शिकवलं होतं, त्यामुळे तक्रार करायची सोय नव्हती.

घरी शैला सईला दुपट्यात गुंडाळत होती. सोमीबाई हात पुसून गेली होती. "काय झालं खाली?" शैलाने विचारलं.

"कमिटीने घर सोडायला सांगितलं त्यांना. गडचिरोलीचं कळलं."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी काय म्हणणार? कमिटीचा निर्णय आहे."

तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. नवऱ्याला ओळखायला बाईला फार पुरावा लागत नाही. गरज सरली की वैद्य मरतो, ही म्हण तिच्या ओठांवर आलेली मला दिसली. दुपट्याची गाठ मारून तिने विचारलं, "उद्या हिला कोण न्हाऊ घालणार?"

त्यानंतर शैलाने स्वतःच घातलं. सोमीबाईसारखं पाय लांब करून मोरीत बसायची. सई दुसऱ्या तांब्यालाही रडत राहायची.

उर्मिलाला बुटीबोरीतच, वर्धा रोडला लागून, टायरवाल्याच्या मागे खोली मिळाली. एकटी बाई आणि म्हातारी, इतक्या कमी दिवसांत दुसरं काही मिळण्यासारखं नव्हतं. कंपनी तिथून पायी अंतरावर, त्यामुळे तिला बसची गरज राहिली नाही. खोलीला कुंपण नव्हतं. रस्त्यावरून दार दिसायचं. पहिल्या पाळीला आमची बस तिथून जाई तेव्हा नुकतं उजाडत असे, आणि सोमीबाई दारात बसलेली असायची, पदर घट्ट लपेटून, रस्त्याकडे तोंड करून. ती नुकतीच उठून बसली आहे की रात्रभर तशीच बसली आहे, हे बसमधून कळायला मार्ग नव्हता. मी मात्र जाणून होतो. मी खिडकीची जागा सोडून पलीकडच्या बाजूला बसायला लागलो.

लॅबमध्ये ती माझ्याशी कामापुरतं नीट बोलायची. अबोला धरला असता तर मला सोपं गेलं असतं. पावसाळ्याआधी तिने नोकरी सोडली. कुठे गेली ते कुणी म्हणालं नाशिक, कुणी म्हणालं हैदराबाद. मी विचारलं नाही. विचारायला माझं तोंड नव्हतं. टायरवाल्यामागचं दार एक दिवस बंद दिसलं आणि मग तिथे पंक्चरचं दुकान आलं.

आमचा करार झाला. पुढे आम्ही शांतिबनमध्येच घर विकत घेतलं. कोहळेकाका वारले, तेव्हा त्यांच्या जागी कमिटीत मला घेतलं. नव्या भाडेकरूला 'तुम्ही कुठले' हा प्रश्न मी आजवर एकदाही विचारलेला नाही. पांढरीपांडेकाकू म्हणतात, आवटी फार उदार आहेत. सई आता अकरावीला आहे. तिला न्हाऊ घालणारी आजी कोण होती हे तिला शैलाने सांगितलंय. ती का गेली ते माझ्यावर सोडलंय. मी अजून सांगितलेलं नाही.

गेल्या महिन्यात आमच्या स्टॉपवर एक नवीन ट्रेनी मुलगी उभी राहायला लागली. अमरावतीची, चुणचुणीत. नोकरी लागल्यावर घरच्यांनी तिच्यासाठी शांतिबन शोधली. तिची आई मला येऊन विचारून गेली, गेट रात्री बंद असतं ना, म्हणून. आता बसची वेळ मोबाइलवरच्या ग्रुपवर येते. त्या सकाळी ती मोबाइल बघत मला म्हणाली, "सर, एक विचारू? आपल्या स्टॉपला सगळे 'मडावी मॅडम' म्हणतात. पण इथे तर कुणी मडावी मॅडम नाहीत. कोण या?"

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. ज्यांना माहीत होतं ते निघून गेले होते, बाकीच्यांना ते नुसतं नाव होतं.

"माझी बहीण," मी म्हणालो.

"हो? इथेच राहायच्या?"

"इथेच."

"मग आता कुठे असतात?"

वळणावर बसचे दिवे दिसले. मी बसकडे बघत राहिलो. "माहीत नाही," मी म्हणालो.

तिला पुढे काहीतरी विचारायचं होतं. बहीण कुठे राहते हे भावाला माहीत नाही, हे तिला चमत्कारिक वाटलं असणार. पण तिने मोबाइल पर्समध्ये टाकला. बस आली. गुलाबभाऊंच्या जागी आता त्यांचा भाचा चालवतो. त्याने दार उघडलं आणि रोजच्यासारखी हाक दिली.

"मडावी मॅडमवाले, चला."

मी चढलो.